उभ्या लाकडाचा दरबार

एका जंगलात, मुलांनो, सिंह परवडत नव्हता, म्हणून वाघावरच भागवलं होतं.

या वाघोबा महाराजांचा दरबार पिढ्यान्‌पिढ्या एका दगडी गुहेत भरायचा. गुहा थंड होती, कोरडी होती आणि फुकट होती. म्हणजे तिच्याबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

एकदा महाराज शेजारच्या जंगलात जेवायला गेले. तिथल्या अस्वलराजाने नवा लाकडी दरबार बांधला होता आणि दारावर पाच हिरव्या पानांची पाटी लावली होती. निसर्गाला न दुखावता बांधलेल्या टिकाऊ इमारतीलाच ही पानं मिळतात, असं अस्वलाने सांगितलं. तुमच्या गुहेला किती पानं, असंही सहज विचारलं. महाराज अर्धं हरीण तसंच टाकून उठले.

परत आल्याबरोबर हुकूम सुटला. आपल्यालाही लाकडी दरबार हवा, पाच पानांचा. जमल्यास सहा.

आता इमारत म्हटली की आर्किटेक्ट आला. सगळ्या जंगलात शोधलं, तर एकट्या धनेश पक्ष्याच्या डोक्यावर जन्मतःच पिवळं हेल्मेट होतं. नेमणूक जागच्या जागी झाली. कालपर्यंत जे त्याला धन्या म्हणायचे, ते धनेशपंत म्हणू लागले.

पंत अगदीच अडाणी नव्हते, बरं का. त्यांनी दरबाराला नीट समजावलं. झाड हवेतला वाईट वायू पितं आणि लाकडात बांधून ठेवतं. झाड कुजलं की तो वायू पुन्हा मोकळा. पण त्याच झाडाची तुळई केली, तर तो छपराखाली गप बसून राहतो. जोड करायचे ते खाचेत लाकडाचंच कुसू ठोकून, खिळा वापरायचा नाही. आणि एक झाड पाडलं, तर दोन लावायची. दरबाराला यातलं खिळा वापरायचा नाही एवढंच पटलं, कारण खिळा कुणी पाहिलाच नव्हता.

पंतांनी एक नियमही घातला. ज्या झाडात कुणी राहतं, ते तोडायचं नाही. चांगला नियम होता. घोटाळा चांगल्या नियमांतच होतो, वाईट नियम कोण पाळतं?

पाहणीचं काम सुतारपक्ष्याकडे गेलं. सुतारराव कामाला चोख. खोडावर चोच आपटायची आणि वाट बघायची. कुणी बाहेर आलं तर झाड भरलेलं, नाही आलं तर रिकामं. खारी आल्या, पोपट आले, एक घुबड शिव्या देत आलं. शेवटी सुतारराव दरबारात उभे राहून म्हणाले, "मुख्य तुळईला ओढ्यापलीकडचा बेहडा. सरळसोट, जुना आणि रिकामा."

पंतांनी सवयीने मान डोलावली. आणि मग त्यांच्या चोचीतलं उंबर खाली पडलं.

त्या बेहड्यात धनेशकाकू होत्या.

धनेशांची रीत अशी, की अंडी घालायची वेळ आली की बाईने झाडाच्या ढोलीत जाऊन बसायचं आणि दार लिंपून घ्यायचं. चिखल, शी आणि खाल्लेल्या फळांचा चोथा, असं ते लिंपण. टिकाऊ बांधकामाचा खरा नमुना तोच, पण वासामुळे त्याला कुणी पान दिलं नसतं. चोच मावेल एवढी फट ठेवायची, तिच्यातून नवऱ्याने भरवायचं. आत बाईची उडायची पिसं झडतात. नवी येईपर्यंत तिला बाहेर पडता येत नाही. आणि दारावर कुणीही ठोठावलं तरी ओ द्यायची नाही, ही सासूने सांगितलेली पहिली गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, मग पंतांनी सांगून टाकायचं, की आत माझी बायको आहे. सांगा की. पहिल्या रांगेत घोरपड बसली होती. तिच्यामागे उदमांजर. शेजारी वेटोळं घालून नाग. तिघांनाही अंडी जिवापाड आवडतात आणि तिघंही पर्यावरण समितीवर होते.

पंत तोंड मिटून बेहड्याकडे उडाले. फटीतून उंबर आत सरकवलं आणि अडखळत सगळं सांगितलं. काकूंनी आधी उंबर संपवलं.

"तुळई कुणाची कल्पना?"

"माझीच."

"वाटलंच मला. हे बघा, मला उडता येत नाही आणि पोरं अजून अंड्यात आहेत. तुम्ही बाहेर आहात आणि तुम्हाला बोलता येतं. आजवर नुसतं बोललात, आता कामाचं बोला."

झाड पाडायचा दिवस उजाडला. मुळं कुरतडायला साळिंदरं आली, ढकलायला गवे आले. महाराज मुहूर्ताला आले. एवढ्यात पंत बेहड्याच्या फांदीवर उतरले आणि त्यांनी काम थांबवलं.

ओलं लाकूड वाळताना आकसतं, असं त्यांनी सांगितलं. तुळई वाकेल, जोड उघडतील, छप्पर महाराजांच्याच डोक्यावर येईल. हे सगळं खरं होतं, म्हणून कुणी ऐकलं नाही. गव्यांनी शिंगं लावली.

मग पंत म्हणाले, "अस्वलाने पाडलेलं लाकूड वापरलंय, महाराज. ते तंत्र जुनं झालं. आता उभं लाकूड चालतं."

महाराजांनी गव्यांना थांबवलं.

उभं लाकूड म्हणजे न तोडता बांधलेलं, पंतांनी समजावलं. वाळवायची कटकट नाही. पाया झाडाबरोबरच येतो. छप्पर हिरवं, दरसाल आपोआप नवं होणारं. भिंती नाहीत, म्हणून हवा खेळती. जमीन मातीची. बेहडा मुख्य खांब, बाकीची झाडं बाकीचे खांब. महाराजांनी विचारलं, बांधायला वेळ किती लागेल. तयारच आहे, पंत म्हणाले.

महाराज वाघ असले तरी मूर्ख नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मग या इमारतीत आणि जंगलात फरक काय?"

साळिंदराने काटासुद्धा हलवला नाही.

"फरक मोठा आहे, महाराज," पंत म्हणाले. "जंगलाचं उद्घाटन होत नाही."

महाराजांचा चेहरा उजळला.

उद्घाटन झोकात झालं. पाच पानं मिळाली. अस्वलराजाला मुद्दाम बोलावलं आणि मागच्या रांगेत बसवलं. धनेशपंतांच्या गळ्यात हार पडला. बेहडा उभा राहिला, काकू आत सुखरूप. इथे गोष्ट संपली असती, तर मी ती सांगितली नसती.

कारण इमारत म्हटली की नियम आले. खांबांवर घरटी करायला बंदी झाली. वटवाघळांना छताला लोंबकळायला मनाई. गवत आता गालिचा होता, म्हणून हरणांनी तो खायचा नाही. जंगलातले निम्मे लोक जंगलाबाहेर राहायला गेले. दारावर रानकुत्र्यांचा पहारा बसला, आणि दार नव्हतं म्हणून तो सगळीकडे बसला.

तेवढ्यात इकडे काकूंना नवी पिसं आली. पिल्लंही पंख झाडू लागली. एके दिवशी भर दरबारात मुख्य खांबातून टकटक ऐकू आली, लिंपण खाली कोसळलं, आणि काकू चिखलाने माखलेल्या चोचीनिशी बाहेर आल्या. मागोमाग दोन पिल्लं. घोरपड अर्धवट उठली, पण पिल्लं फांदीवर पोचली होती. घोरपड पुन्हा बसली.

रानकुत्रे भुंकले, सरकारी खांब फोडला. सुतारराव धावत गेले, त्यांनी भोकात डोकं घातलं आणि पांढरे पडून बाहेर आले. "महाराज, खांब आतून पोकळ आहे."

आता बघा. झाड पोकळ असलं तर ते घर असतं. खांब पोकळ असला तर तो धोका असतो. पंतांनी परोपरीने सांगितलं, की जुनी झाडं पोकळच असतात, त्याशिवाय त्यांत राहणार कोण. पण आपण झाडाबद्दल बोलतोय हे दरबाराला कळेना. धोकादायक बांधकाम म्हणून बेहडा त्याच दिवशी पाडला. साळिंदरं तीच, गवे तेच.

त्याच्या लाकडाचा एक चौरंग केला आणि पाच पानांची पाटी त्यावर मांडली. लाकूड ओलं होतं. ते वाळलं, आकसलं, आणि पाटी कायमची तिरकी झाली. पंतांचं तेवढं म्हणणं खरं ठरलं.

समोरच्या फांदीवरून काकू बघत होत्या. पंतांनी हळूच विचारलं, पुढच्या वर्षी बसायचं कुठे.

"महाराजांची जुनी गुहा रिकामी आहे," काकू म्हणाल्या. "वर कपारीत छान खोबण आहे. थंड आहे, कोरडी आहे. आणि अहो, ती कशी आहे म्हणून कुणी विचारलं, तर घाण आहे म्हणायचं."

तात्पर्य : मुलांनो, खोटं जरूर बोलावं. पण ते अंडी फुटेपर्यंत पुरेल एवढंच भक्कम बांधावं. त्याहून टिकाऊ झालं, तर त्याचं उद्घाटन होतं.