सातव्या यंत्राची मोहीम

श्रीविजेस नमन, हे लेखन पुरे होईतो तिने जाऊ नये. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एका संस्थानात, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात, डायलिसिसचा कारभार चालत असे. यंत्रे सहा, आणि सातवे नवे येऊन कापडाखाली बसले होते, कारण की रुग्णांच्या पाळ्या एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली, लावी, त्यास सहाच यंत्रे ठाऊक, आणि त्याच्या यादीवाचून वरच्या कचेरीतून औषध सुटत नसे. म्हणून पाळी न मिळालेल्या यशोदाबाई झगडे डायलिसिसला आठवड्यातून तीनदा एस्टीने जिल्ह्याला जात, आणि उतरताना खांब धरून उभ्या राहत. मॅक्रोत सहाचे सात करणे, इतकेच काम. परंतु आत पासवर्डाचे कुलूप होते. ते फडनिशीणबाईंनी, म्हणजे खुद्द लेखिकेने, चार वर्षांमागे मोठ्या दिमाखात घातले, आणि शब्द विसरून गेल्या.

मग बाईंनी, ज्या यूट्यूब पाहून पंडिता जाहल्या होत्या, अदृश्य बोटांची फौज उभी केली: कोणी हात न लावता कळा आपोआप दाबल्या जाव्या, एकेक शब्द टाइप व्हावा, एंटर व्हावे, ऐसे अंदाजाचे तीस शब्द. नियम एकच, की समोरची खिडकी बदलू नये. बोटांना डोळे नसतात. फौज निघाली आणि पहिला शब्द नाकारला गेला, इतक्यात कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर डॉक्टरसाहेबांचा निरोप आला, "काम कुठवर?" आणि बाईंनी जन्माच्या सवयीने "जी साहेब" लिहावयास त्याच संगणकावर ग्रुपची खिडकी उघडिली. मग फौज तिकडेच घुसली. सर्वांच्या फोनवर एकामागून एक उमटले: पुरणपोळी१२३. देवावाचव. वजनकमीकर२०२०. ढेरपोट्यासाहेब.

साहेब लिहिते जाहले, "बाई, शेवटचा शब्द कोणाविषयी?"

बाईंनी संगणकाची वायर उपटली. तोच शेवंता सिस्टर पोट धरून हसत आली. "अहो बाई, पुरणपोळीसुद्धा आठवली, माझं नाव नाही? कुलूप घातलंत त्या दिवशी आपलं भांडण झालं होतं. मी यादीतल्या रांगा गुलाबी केल्या म्हणून."

"गुलाबी केल्यास ते केल्यास, वर पाळ्याही हलवल्यास गं!"

"दोनच हलल्या. काय म्हणाला होतात तेव्हा, आठवा."

बाईंस आठवले, आणि कान तापले. शब्द यादीत घातला, वायर लाविली, आणि दोघी आपापल्या हातांवर बसल्या. बोटांनी लिहिले: शेवंताहातलावूनको. आणि दार उघडले.

"चार वर्षं माझं नाव जपून ठेवलंत की हो," शेवंता म्हणाली, आणि फडनिशीणबाई चष्मा पुसू लागल्या. मग सहाचे सात जाहले, यादी निघाली, औषध सुटले, आणि शुक्रवारी सकाळी यशोदाबाई चालत येऊन सातव्या यंत्राशी आडव्या जाहल्या. सर्व हकिगत ऐकून पुसत्या जाहल्या, "पण बाई, कुलूप हवं होतं कशाला?"

तात्पर्य: शत्रू कोणी आलाच नव्हता. किल्ला आम्हीच बांधिला, आत आम्हीच अडकलो. हल्ली नवे कुलूप आहे; त्याचा शब्द शेवंतेस ठाऊक, आणि रांगा गुलाबी आहेत. इतके लिहून माऊस खाली ठेविला.