बेअरिंगचा हुरडा

दामिनीनं रांगोळी दारापासून सरकवत सरकवत पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत नेली होती, तरी गाडीखालून ओघळणारं काळं तेल एक दिवस तिथंही पोचलं. रांगोळीतला मोर चिखलातून चालत आल्यासारखा दिसायला लागला. त्या सकाळी ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "एक तर गाडीचं बघा, न्हाईतर उद्यापासून मी रांगोळी गच्चीवर काढते."

गाडी खरं तर तिच्याच माहेरची. तिचे वडील, कंधारचे बसवंतअप्पा, यांनी ती हौसेनं घेतली होती आणि मोतीबिंदूनं रस्ता दिसेनासा झाला तेव्हा जड मनानं जावयाच्या, म्हणजे संगमेश्वरच्या, हवाली केली होती. आता त्याच मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नांदेडची तारीख येत्या सोमवारची ठरली होती. आधीच्या तारखा अप्पांनी कधी पेरणी, कधी कुणाचं लग्न असं सांगत हुकवल्या होत्या, आणि आता आणखी लांबवलं तर डोळा हातचा जाईल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. यावेळी अप्पा तयार झाले, पण एका अटीवर. जाईन तर माझ्या स्वतःच्या गाडीतनं, नाहीतर नाही.

संगमेश्वरचं चाकूरच्या बसस्टँडजवळ पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तेल-पाणी अडवणारी सील आणि बेअरिंग विकण्यात त्याची हयात गेली होती. बसवलं मात्र त्यानं आजवर एकही नव्हतं. म्हणून त्यानं धोंडप्पा मिस्त्रीला घरी बोलावलं. धोंडप्पा गाडीखाली शिरला, बराच वेळ आतून नुसते हुंकार आले, आणि मग तो तोंडावर तेलाचे थेंब घेऊन बाहेर आला.

"नुसतं सील बदलून भागत न्हाई, मालक," तो म्हणाला. "आतली बेअरिंग ढिली झाल्यात. त्यानं ॲक्सल हालायलाय, आणि हालला की सील खातो. बेअरिंग भारी घाला, सील दुहेरी ओठाचं घाला. मग गाडी जाईल, पण तेल जाणार न्हाई."

सामान लातूरहून मागवलं. ते येईतो शुक्रवार उजाडला. शनिवारी सकाळी धोंडप्पानं अंगणातच गिअरबॉक्स खाली उतरवला, पोत्यावर ठेवून उघडला, जुनी बेअरिंग आणि जुनी सील काढून टाकली. इथवर सगळं झकास चाललं होतं. मग तो गिअरबॉक्सचं धूड जरा सावलीत सरकवायला वाकला आणि तसाच राहिला. दामिनी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिला वाटलं, हा माणूस कशाच्या तरी पाया पडून राहिलाय. पण धोंडप्पाच्या कमरेत उसण भरली होती. शेजारचे वैजनाथकाका धावत आले. त्यांनी आणि संगमेश्वरनं त्याला वाकलेल्या अवस्थेतच उचलून ऑटोत कोंबलं. ऑटो निघाला तेव्हा सीटवर पालथा पडलेला धोंडप्पा खालूनच म्हणाला, "उरलेलं सोपं हाय, मालक. मी फोनवर सांगतो."

वैजनाथकाका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. अंगणात पसरलेले दातेरी चाकांचे ढीग त्यांनी एकदा फिरून पाहिले. आपण जन्मभर गाडी चालवली, पण तिच्या खाली कधी शिरलो नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. एकानं बेअरिंग विकली होती, दुसरा बेअरिंगांवर बसून महाराष्ट्र फिरला होता. दोघांनी मिळून ती बसवायची होती.

धोंडप्पा खाटेवरून फोनवर सांगत गेला. प्रत्येक बेअरिंगचे दोन भाग असतात. आतला भाग गरम तेलात तापवायचा, म्हणजे तो फुगतो आणि दांड्यावर अलगद बसतो. बाहेरचं कडं फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे ते आकसतं आणि गिअरबॉक्सच्या खोबणीत उतरतं. "आतलं तळा, भायेरचं गारठवा," असा त्याचा मंत्र होता. दामिनीनं बऱ्याच बोलाचालीनंतर एक जुनी कढई दिली आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही असं बजावलं. चकचकीत कडी एका स्टीलच्या डब्यात घालून संगमेश्वरनं फ्रीजरमध्ये ठेवली.

दुपारनंतर कढईत बेअरिंग तळायला पडली. वैजनाथकाका सांडशीनं ती अशी उलटीपालटी करत होते की गल्लीतून जाणाऱ्या एका बाईनं कसली भजी म्हणून विचारलं. पण धोंडप्पाचा शब्द खरा ठरला. तापलेली बेअरिंग दांड्यावर ठेवताच लोण्यासारखी खाली गेली. दोघांनी एकमेकांकडं असं पाहिलं, जणू शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मग संगमेश्वर ऐटीत फ्रीजकडं गेला, डबा घेऊन आला, झाकण उघडलं, आणि आत हुरडा होता.

फ्रीजरमध्ये दुसरा डबा नव्हता. दामिनीनं कपाळाला हात लावला. कडी फ्रीजरमध्ये ठेवल्यावर, दुपारच्या जरा आधी, अंगणातल्या गोंधळातच तिचा भाऊ अमरेश लातूरहून कंधारला जाताना दारात थांबला होता. अप्पांना हुरडा फार आवडतो म्हणून तिनं हिवाळ्यातला जपून ठेवला होता. घाईघाईत फ्रीजरमधून डबा काढला आणि भावाच्या पिशवीत टाकला. एकसारखे डबे, दोन्ही बर्फानं पांढरे झालेले.

तिनं कंधारला फोन लावला. फोन अप्पांनीच घेतला.

"अप्पा, डबा मिळाला का?"

"मिळाला की."

"त्याच्यात काय होतं?"

पलीकडं अप्पा जरा खाकरले. "हुरडा," अप्पा म्हणाले. "खाल्ला मी. लई ग्वाड होता."

दामिनीनं फोन खाली ठेवला आणि नवऱ्याच्या हातातल्या हुरड्याकडं बघत राहिली. अप्पांना दिसत कमी होतं हे खरं, पण लोखंड आणि ज्वारी यांतला फरक दातांना तरी कळतोच. वैजनाथकाकांनी जरा चाचरत विचारलं, की कडी केवढाली होती, गिळण्यासारखी होती काय. दामिनीला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. अमरेशला फोन केला तर त्यानं सांगितलं, की ताईनं हुरडा धाडलाय म्हणून डबा अप्पांच्या हातात दिला आणि मी शेताकडं आलो, पुढचं मला ठाऊक नाही. दुसरी कडी मागवावीत तर येणार मंगळवारी. रविवारी पहिल्याच बसनं संगमेश्वर निघाला.

अहमदपूरला बस बदलून तो कंधारला पोचला तेव्हा अप्पा ओसरीत बसले होते, आणि बेअरिंग खाल्लेल्या माणसाच्या मानानं त्यांची तब्येत उत्तम दिसत होती. जावई आल्याचं कळताच ते एकदम मवाळ झाले. पाऊसपाण्याचं विचारलं, दुकानाचं विचारलं, गाडीचं मात्र विचारलं नाही. संगमेश्वरनं डब्याचा विषय काढला की ते सोयाबीनच्या भावाकडं वळायचे. सासऱ्याला उलटतपासणी करणं जावयाला शोभत नाही, म्हणून तोही मान डोलावत राहिला.

आत सासूबाई, मल्लम्मा, जावयासाठी भाकरी करायला ज्वारीचं पीठ संपलंय म्हणून दळणाची ज्वारी काढत होत्या. कोठीत हात घातला तो काहीतरी खणकन वाजलं. त्या डबा घेऊन ओसरीत आल्या. उघडून दोघांच्या मधोमध ठेवला.

"ज्वारीच्या कोठीत ही कसली वाळी ठेवलाव?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

अप्पांनी मान खाली घातली.

"हात लावताच वळखलं मी," अप्पा अखेर म्हणाले. "म्हणलं, ही गिअरबॉक्सातली हायेत. म्हंजे गाडी उघडून पडलीय. म्हंजे सोमवार चुकला." मग आणखी खालच्या आवाजात, "डोळ्यात सुई घालत्येत म्हणं. आणि माणूस जागाच असतोय."

मल्लम्मा काहीतरी बोलणार होत्या, पण संगमेश्वरनं त्यांना हातानंच थांबवलं. या माणसाच्या शब्दाला कंधारात मान होता, भावकीतली भांडणं यानं ओसरीवर बसून मिटवलेली संगमेश्वरनं पाहिली होती. आणि तोच माणूस आज ज्वारीच्या कोठीत डबा लपवून बसला होता. त्याला हसू आलं नाही. उलट कालपासून मनात कोंडलेलं तोंडावाटे बाहेर पडलं.

"मामा, मी बी भेलोय," तो म्हणाला. "मिस्त्री कंबर धरून आडवा झालाय. तुमची गाडी अंगणात उघडी पडलीय आणि मला त्यातलं काय बी येत न्हाई. वैजनाथकाका हायेत मदतीला, पण त्यांना बी येत न्हाई. सोमवारला तुमचा डोळा चुकला तर दामिनीला काय तोंड दाखवू, ह्या विचारानं झोप न्हाई."

अप्पांनी मान वर केली आणि जावयाचा चेहरा दिसावा म्हणून डोळे बारीक केले. मग त्यांचा हात चाचपडत त्याच्या हातावर आला. तेलानं काळी झालेली, जागोजागी खरचटलेली बोटं त्यांनी चाचपून पाहिली.

"दुकानात बसणारा माणूस तुम्ही," ते म्हणाले. "माझ्यासाठी एवढं उघडून बसलाव?"

जेवण झाल्यावर त्यांनी धोतर बदललं, डबा काखेत मारला आणि मल्लम्मांनाही चप्पल घालायला सांगितलं. गाडी तयार होईस्तोवर आपण चाकूरला बसणार आणि तिथूनच नांदेडला जाणार, असं त्यांनी जाहीर केलं. बसमध्ये डबा त्यांनी शेवटपर्यंत मांडीवरून हलू दिला नाही.

रविवारची ती संध्याकाळ संगमेश्वरच्या अंगणात सण असल्यासारखी गेली. कडी पुन्हा गारठवली. यावेळी फ्रीजसमोर मल्लम्मा खुर्ची टाकून राखणीला बसल्या. अप्पांनी हट्टानं बॅटरी धरायचं काम घेतलं. त्यांना नीट दिसत नसल्यामुळं उजेड कधी वैजनाथकाकांच्या टकलावर पडायचा, कधी आंब्याच्या झाडावर, पण त्यांचं मन मोडायला नको म्हणून दोघं अंदाजानं हात चालवत होते. फोनवर धोंडप्पा होताच. गारठलेली कडी खोबणीत टक्क करून बसली तेव्हा त्या आवाजावरूनच त्यानं खाटेवरून शाबासकी दिली. नवी सील लाकडाच्या ठोकळ्यानं हलक्या हातानं ठोकून बसवली, ओठाला तेल लावून ॲक्सल आत सरकवले. गल्लीतल्या चार तरण्या पोरांनी, कुणी न बोलावता येऊन, गिअरबॉक्स उचलून जागेवर धरला. दामिनीनं सगळ्यांना हुरडा गरम करून दिला. अप्पांनी मात्र कालच खाल्लाय म्हणून नको म्हटलं, आणि मग स्वतःच हसले.

सोमवारी सकाळी गाडीखाली अंथरलेलं पुठ्ठ्याचं खोकं सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं. कोरडं ठणठणीत. दामिनीनं त्या पुठ्ठ्याला हात लावून पाहिला आणि नवऱ्याच्या बशीत आणखी चहा ओतला.

नांदेडला गाडी विनातक्रार पोचली. ऑपरेशनच्या खोलीत जाताना अप्पांनी मल्लम्मांचा हात इतका घट्ट धरला की नर्सला तो सोडवावा लागला. पण थोड्याच वेळात ते डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्यांनी आधी बायकोकडं पाहिलं, मग जावयाकडं, आणि त्याचे केस कधी पांढरे झाले म्हणून हळहळले. बाहेर आल्यावर ते गाडीजवळून सरळ पुढं चालत गेले. संगमेश्वरनं हाक मारून थांबवलं, तेव्हा त्या फिकट पडलेल्या, पोचे आलेल्या गाडीकडं त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं.

"ही व्हय?" ते हळूच म्हणाले. "माझ्या ध्यानात निराळीच होती." मग दार उघडून आत बसले आणि काचेवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ द्या. आतून मजबूत हाय."

चाकूरला पोचल्यावर, घरी जायच्या आधी, त्यांनी गाडी धोंडप्पाच्या दारात घ्यायला लावली. त्या माणसाचे आभार मानल्याशिवाय मला चहा गोड लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं. धोंडप्पा अजून खाटेवर आडवाच होता. कंबर सुटली नव्हती, आणि दवाखान्याचं नाव काढलं की तो भिंतीकडं तोंड करायचा, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. तिथं इंजेक्शन देतात म्हणून.

अप्पा काळा चष्मा घालून त्याच्या उशाशी बसले.

"धोंडप्पा, दवाखान्याला भेतात व्हय?" ते म्हणाले. "माझ्या डोळ्यात सुई घातली. डोळ्यात. मी हूं का चूं केलो न्हाई. विचार ह्यांना."

मल्लम्मांनी आपला हात पदराखाली घेतला आणि मान डोलावली. अप्पा बोलत राहिले. डॉक्टर लोक किती मायेचे असतात, कळतसुद्धा नाही, माणसानं आपल्या लेकराबाळांसाठी तरी मनातलं भ्या काढून टाकावं. धोंडप्पाच्या बायकोचे डोळे भरून आले. शेवटी धोंडप्पा मुश्किलीनं कुशीवर वळला.

"जातो," तो म्हणाला. "पण कशात नेताव?"

"आपल्याच गाडीत की. भायेरच उभी हाय."

धोंडप्पानं डोळे मिटले. ती गाडी कुणी कुणी जोडली होती, कशी जोडली होती, बॅटरी कुणी धरली होती, हे सगळं त्यानं फोनवरून स्वतः ऐकलं होतं.

"लातूरची बस किती वाजता हाय, मालक?" त्यानं विचारलं.

संगमेश्वरनं आणि शेजारच्या तिघांनी मिळून त्याला उचललं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. गाडी निघाली तेव्हा त्यानं डोकं सीटवरून खाली लोंबतं ठेवलं आणि कान गाडीच्या तळाशी लावला. पहिला गिअर पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. कुठं घरघर नाही, कुठं खडखड नाही. संगमेश्वर आरशातून सारखा मागं बघत होता. विचारायचा त्याला धीर होत नव्हता. गाव मागं पडलं, गाडीनं वेग घेतला, आणि मागून एक लांब, संथ आवाज यायला लागला. संगमेश्वरचा पाय ब्रेककडं गेला. अप्पांनी वळून पाहिलं, नव्या डोळ्यानं नीट निरखून पाहिलं, आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

"गाडी न्हाई ती," ते म्हणाले. "मिस्त्री घोरायलाय."