अडकलेली चेन आणि काकांची सातवी टेस्ट

"अर्धा तास! अकराला दुकानात शिरायचं आणि साडेअकराला झगा घेऊन बाहेर! लग्नाचा झाला म्हणून काय, शेवटी कपडाच ना?" ब्रेकबाईंनी आत्यांना ठणकावून सांगितलं.

ब्रेकबाई म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षिका. शिकाऊ माणसाशेजारी बसून नऊ वर्षं दुसरा ब्रेक दाबत आल्या, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलेलं. आता चौतिसाव्या वर्षी एका चष्मेवाल्याशी त्यांचं लग्न ठरलं होतं. आणि झगा घ्यायच्या दिवशीच बारा वाजता त्यांचे विद्यार्थी असलेल्या औषधवाल्या काकांची लायसन्सची टेस्ट होती. सातवी! बाई गाडीत नसल्या की काकांना क्लच कुठला आणि स्वतःचा पाय कुठला हेच समजत नसे.

दुकानात आत्यांनी अटी घातल्या. "आपल्या घराण्यात नवरीचा गळा बंद, बाही मनगटापर्यंत, आणि घेर मागे दोन हात लोळणारा!"

पहिला झगा घराण्याला शोभणारा होता आणि स्वस्तही. पण नऊ वर्षं शिकाऊ लोकांच्या हातातून स्टिअरिंग हिसकावून बाईंचे खांदे असे झाले होते की हात वर करताच टर्रकन आवाज आला. दुसरा खांद्यांना छान बसला. आत्यांनी बाईंना गर्रकन फिरवलं.

"याची पाठ कुठाय?"

"पाठ माझीच आहे आत्या!"

"तीच म्हणते मी! झाक ती!"

तिसरा मोतिया रंगाचा. गळा बंद, खांदे ऐसपैस, घेर लांबलचक. फक्त किंमत ठरवलेल्या पैशांच्या दुप्पट! "घालून तर बघा, घालायचे पैसे पडत नाहीत," दुकानाच्या मालकीणबाई लाडात म्हणाल्या. बाईंनी घातला. आरशात स्वतःला पुढून, मागून आणि पुन्हा पुढून पाहिलं. मग काढायला गेल्या, तर पाठीवरची चेन अडकली!

मालकीणबाईंनी साबण लावला, मेण लावलं, शेवटी पकड आणली. चेनचं टोक तुटून पकडीत आलं.

"आमचा कारागीर दोन वाजता येतो."

"दोन? माझी बाराला टेस्ट आहे! कापा!"

"कापला तर विकत घ्यावा लागेल!"

"मग मी अशीच जाते!"

"माझा झगा एकटा जाणार नाही!" मालकीणबाईंनी दुकानाला कुलूप घातलं.

खाली काका गाडीत स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. शेजारी साक्षात नवरी येऊन बसली. मागे आत्या आणि तोंडात टाचण्या धरलेल्या मालकीणबाई.

"बाई, तुम्ही..."

"समोर बघा! पहिला गिअर!"

रस्त्यावर नवरी बघून लोक खूश! मागचे हॉर्न वाजवू लागले, पुढचे हात हलवू लागले. प्रत्येक हॉर्नला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून काका ब्रेक दाबत, आणि प्रत्येक ब्रेकला मालकीणबाईंची एक टाचणी आत्यांच्या दंडात जाई. सिग्नलला शेजारी बस उभी राहिली. खिडकीत कोण? बाईंच्या होणाऱ्या सासूबाई! बाईंनी शरमेनं तोंड झाकलं. आत्यांनी मात्र व्याह्यांकडचं माणूस दिसलं म्हणून आनंदानं हात हलवला आणि काकांकडे बोट दाखवून ओरडल्या, "आज यांचा मोठा दिवस आहे!"

बस सुटली. सासूबाईंनी लेकाला फोन लावला. "अरे, तिनं एका टकल्याशी लग्न केलं! साठीचा तरी असेल! आणि आत्याबाई पेढा खाल्ल्यासारख्या हसत होत्या!"

टेस्टच्या मैदानावर परीक्षक साहेबांनी गाडीत डोकावून पाहिलं.

"वरात पलीकडच्या रस्त्यानं न्या."

"साहेब, मी यांची शिक्षिका. चेन अडकलीय."

साहेबांनी यापेक्षा वाईट सबबी ऐकल्या होत्या. ते पुढे बसले. बाई मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये कोंबल्या गेल्या आणि झग्याचा घेर दारात अडकून बाहेर फडफडू लागला.

काका निघाले. वळण घेतलं! रिव्हर्स घेतला! एकही खांब पाडला नाही! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात समोरून कोणीतरी पळत आलं आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभं राहिलं. चष्मेवाला! बारा वाजता ती कुठे असणार हे त्याला माहीत होतं.

करकचून ब्रेक! गाडी त्याच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली.

"हे लग्न थांबवा!" तो धापा टाकत ओरडला.

"ते खातं आमच्याकडे नाही," साहेब म्हणाले. "इथे फक्त लायसन्स मिळतं." मग काकांकडे वळले. "वीस वर्षांत असा ब्रेक पाहिला नाही. पास!"

काका स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले. चष्मेवाला खिडकीशी आला, तोही रडायच्या बेतात. "हे रडताहेत का? तुला नको म्हणाले का?"

सगळं समजावून सांगायला दहा मिनिटं गेली. मग त्यानं खिशातून दुकानातला, चष्मे दुरुस्त करायचा नखाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि खटपट करून चेन दोन इंच उघडली. "तरीच म्हटलं," तो हळूच म्हणाला, "तू टेस्ट सोडून लग्नाला कशी जाशील!" बाईंना हसावं की रागवावं कळेना. त्या हसल्या.

मालकीणबाई मात्र किंचाळल्या. दारात अडकलेल्या घेराला वंगणाचे काळे पट्टे!

"आता हा तुमचाच! पूर्ण किमतीला!"

"डागी माल पूर्ण किमतीला?" आत्यांनी पदर खोचला. "आमच्या घराण्यात असं चालत नाही!"

वाद बराच वेळ रंगला आणि बरोबर अर्ध्या किमतीवर मिटला. पट्टे आत दुमडून शिवता येणार होते. घेर दोनऐवजी दीड हात लोळणार होता, एवढंच. बाईंचा झगा ठरला!

डोळे पुसत काका पुढे आले. "बाई, लग्नाच्या दिवशी तुम्हाला हॉलवर मीच नेणार! नाही म्हणायचं नाही!"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"नको हो काका," बाई घाईनं म्हणाल्या, "हॉल आमच्या घरासमोरच आहे!"

लग्नाच्या दिवशी काका सकाळपासूनच घरी हजर होते. त्यामुळे हॉल समोरच असल्यासारखं दाखवत सगळ्यांना चालत निघावं लागलं. चार किलोमीटर!