डॉक्टर, वरून गळतंय

बिअर कशी करतात यावर मी तुम्हाला न थांबता तासभर भाषण देऊ शकते. बाबा गेल्यावर लोकांनी मला धीर धरायला सांगितलं. मी पुस्तकं धरली. धान्य भिजवण्यापासून बाटलीच्या बुचापर्यंत जे जे कुणी छापलं आहे ते सगळं वाचून काढलं. समासात पेन्सिलीने खुणा केल्या. एका लेखकाच्या तर चुकाही काढल्या. त्यामुळे बाबांची बिअर आता मी करणार, असं जाहीर करताना माझा आवाज जराही कापला नाही.

बाबांची बिअर म्हणजे ‘कडू’. बाहेर तिला आयपीए म्हणतात, आमच्या भट्टीच्या फळ्यावर मात्र नुसतं ‘कडू’ लिहिलेलं असे. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं हात सैल सोडून घातलेली. पहिला घोट घेणारा माणूस कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा करतो आणि दुसरा ग्लास मागतो. असं का होतं, ते एकाही पुस्तकात सापडलं नाही.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. भट्टीतली हिशेब आणि निराशा ही दोन्ही खाती त्यांच्याकडे. “दादा, कडूची फॅशन संपली,” असं ते दर वर्षी सांगत. ती फॅशन आली तेव्हा मी दोन वेण्या घालत होते. मग गव्हाची बिअर आली आणि गेली, कॉफीची आली आणि गेली, काकांनी हौसेने आणलेली काकडीची तर येताना कुणी पाहिलीसुद्धा नाही. कडू जागची हलली नाही. यंदाही काका दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसून म्हणाले, “दादा, यंदा संपणार बघ.” बाबा हसले. काकांचं भाकीत तेवढं एकदाच खरं ठरलं, पण भलत्याच्याच बाबतीत.

त्यानंतर काही दिवसांनी काका ओलं फडकं घेऊन फळ्यापुढे उभे राहिलेले दिसले.

“पुसताय?”

“करणार कोण आता ती?”

“मी.”

“तुझ्या हातून दूध उतू जातं, विदुषी.”

“ते वाचता वाचता. एक टाकी करू द्या, काका.”

काकांनी फडकं पिळलं. “एकच. ती नीट उतरली तर कडू राहील. नाहीतर कडूच्या नळाला स्ट्रॉबेरीची बिअर.”

“चालेल.”

“आणि भिंतींना गुलाबी रंग.”

रंगाचं त्यांनी मध्येच का घुसडलं कुणास ठाऊक, पण त्या दिवसापासून मला झोपेत गुलाबी भिंती दिसू लागल्या.

टाकी मात्र शहाण्या मुलीसारखी वागली. बिअर आंबली, स्थिरावली, निवळली. काका रोज येऊन दोष शोधत आणि हात हलवत परत जात. राहिलं होतं शेवटचं काम: वरचं झाकण उघडून हॉप्सचा शेवटचा हप्ता घालायचा. फुलं वाळवून, दाबून केलेल्या त्या हिरव्या गोळ्या असतात, आणि कडूचा सगळा वास त्यांच्यात असतो.

या कामाच्या दिवशी बाबा सकाळपासून दाराकडे पाठ करून टाकीपाशी उभे राहत. एक हात वरच्या व्हॉल्व्हवर, मान खाली, तोंडाने काहीतरी पुटपुटणं. आम्ही दार ओढून घेत असू. बाबा बिअरशी बोलतात, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. मी विचार केला, हा भाग काही कृतीतला नाही. हा बाबांचा स्वभाव. आणि तसं उभं राहून बोलायला गेले असते तर मला रडू आलं असतं. म्हणून तो भाग मी गाळला.

आता सांगते बाबा काय करत होते. ते गॅस सोडत होते. बिअरमध्ये कोंडलेला गॅस व्हॉल्व्हमधून हळूहळू, तासन्‌तास जाऊ द्यायचा आणि मग गोळ्या मूठमूठ घालायच्या. पुस्तकांत ‘दाब उतरल्यावर’ एवढे दोनच शब्द होते. मी व्हॉल्व्ह फिरवला, फुस्स झालं, फुस्स थांबलं. मला वाटलं, उतरला. इतका मूर्ख वाचक असू शकतो, अशी त्या लेखकांनी कल्पनाच केली नव्हती.

साक्षीला काका आले होते, मोतिया रंगाचा इस्त्रीचा शर्ट घालून.

“काका, जरा मागे सरा.”

“का? काही होतं का?”

“काही होत नाही. मी वाचलंय.”

मी शिडीवर चढले, झाकण उघडलं आणि गोळ्यांची अख्खी पिशवी आत उपडी केली.

क्षणभर अगदी शांतता. मग टाकीच्या पोटातून एखादा लठ्ठ माणूस झोपेत कूस बदलतो तसा आवाज आला. पुढच्या क्षणी हिरव्या फेसाचा खांब माझ्या कानाजवळून सुटला, छतावर आपटला, तिथे छत्रीसारखा पसरला आणि छत्री जिथे जिथे गळते तिथे तिथे काका होते. मी झाकण लावायला गेले तर दुसरा खांब आला. तो जरा तिरका गेला, म्हणून शर्टाचा राहिलेला कोपराही वाया गेला नाही. सगळं थांबलं तेव्हा काका तळ्यातून उपसून काढलेल्या पुतळ्यासारखे उभे होते, शेवाळासकट.

“झालं वाचून?” पुतळ्याने विचारलं.

मी टाकीची काच पाहिली. अर्धी टाकी रिकामी. उरलेली अर्धी हिरव्या गाळाने गढुळलेली.

काकांनी चेहरा पुसला. मला वाटलं ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, “असू दे. तू प्रयत्न केलास.” हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग ते फडकं घेऊन ओल्या बुटांनी पचपच करत फळ्याकडे निघाले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर खाली आले. मास्क हनुवटीवर, हातात दात टोचून बघायची ती आकडीची सळई.

“माझ्या खुर्चीखाली काहीतरी धडकलं,” ते म्हणाले. “पेशंटने माझं बोट चावलं.” मग त्यांनी वर पाहिलं आणि पाहतच राहिले.

त्यांच्या पाहण्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. आमच्या छतावर एक जुना डाग होता. किती वेळा रंग दिला तरी तो वर येई. “डॉक्टर, वरून गळतंय,” बाबा वर्षानुवर्षं सांगत. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी नळ बदलले, नळ्या बदलल्या, शेवटी बेसिनच पलीकडच्या खोलीत नेलं. “अजून ओल आहे,” बाबा म्हणत. ओशाळून डॉक्टर आमच्याकडे येऊन कडू पीत.

आता त्या डागाशेजारी दुसरा डाग होता. तसाच हिरवट, तसाच छत्रीसारखा, कडेला तशीच तपकिरी झालर. जणू जुळे.

“शिडी धरा,” डॉक्टर म्हणाले.

ते वर चढले आणि कीड तपासावी तशी सळईने जुन्या डागाची पोपडी उकरू लागले. रंगाचे थर निघाले. त्यांच्याखालून वाळलेल्या हॉप्सचा चुरा निघाला. डॉक्टरांनी तो हुंगला.

“हे पाणी नाही.”

काका स्वतःच्या बुटांकडे फार बारकाईने पाहत होते.

“काका,” मी म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच टाकीच्या वेळी,” काका बुटांना म्हणाले. “शिडी मी धरली होती. दादाने पिशवी एकदम उपडी केली. आवाज ऐकून डॉक्टर खाली यायला लागले, तसा दादा मला म्हणाला, काही विचारलं तर सांग, वरून गळतंय.”

“आणि नंतर?”

“नंतर कसं सांगणार? डॉक्टर नळ बदलायला लागले होते.”

मला हसू फुटलं. थांबेना. बाबा गेल्यापासून त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदाच काहीतरी नवीन कळत होतं.

डॉक्टर शिडीवरून उतरले. गिऱ्हाइकांच्या बसायच्या खोलीत गेले, बाबांच्या जुन्या पिंपातली शेवटची कडू स्वतःच ग्लासात ओतून घेतली. फसवल्यासारखा चेहरा केला. या वेळी त्याला कारण होतं.

“भरपाई हवी,” ते म्हणाले.

“हो, डॉक्टर,” काका म्हणाले.

“रोज संध्याकाळी एक ग्लास. कडू. मी जिवंत असेपर्यंत.”

“कडू बंद होतेय, डॉक्टर. स्ट्रॉबेरीची चालेल?”

डॉक्टरांनी सळई खिशातून परत बाहेर काढली.

काकांनी फडकं खाली ठेवलं. “तुमची तब्येत कशी असते हल्ली?”

“ठणठणीत. आमच्या घराण्यात माणसं सहसा मरत नाहीत.”

“फॅशन संपलीय हो तिची,” काका म्हणाले, पण सवयीने.

तर कडू आहे. आता मीही दाराकडे पाठ करून, व्हॉल्व्हवर हात ठेवून टाकीपाशी उभी राहते आणि काका दार ओढून घेतात. उभं राहून काय करायचं, म्हणून बोलणंही होतं. सध्या विषय एकच आहे. गेल्या आठवड्यात छतावर तिसरा डाग दिसला. खाली बादली ठेवली, ती सकाळपर्यंत भरली. स्वच्छ पाणी. या वेळी खरंच वरून गळतंय. पण डॉक्टरांना हे सांगायचं कुणी, आणि कोणत्या तोंडाने? म्हणून टाकीला सांगते.