बकरी, करडू आणि टीडीएस

फॉर्मवर दोन चौकोन होते. नफा फंडातच वाढू द्यायचा, की अधूनमधून हातात घ्यायचा? मी हातात घ्यायच्या चौकोनात टिक केली. (विचारायला हवं होतं. पण समोर फंडाच्या ऑफिसातल्या हिमानी मॅडम होत्या, आणि अनोळखी बाईंसमोर माझ्या तोंडून ‘व्हय’ सोडून काही निघत नाही.)

फंडात टाकलेले चार लाख माझे नव्हते. बिडकीनला सायलीच्या माहेरची जमीन कारखान्यांसाठी गेली, त्यातला तिचा वाटा. तिला शिलाईचं दुकान टाकायचं होतं. मी नववीत शाळा सोडलेला, चितेगावच्या कंपनीत खोकी चिकटवणारा; तरी घरात ‘शहरातली कामं’ माझ्याकडं.

"बकरी वाट्यानं दिल्यासारखं हाय," मी तिला समजावलं. "बकरी तिकडं, करडं आपल्याला."

सहा महिन्यांनी पहिलं करडू आलं. मी गल्लीभर पेढे वाटले. मग दिसलं की जाहीर झाले पंधरा हजार, जमा साडेतेरा. दीड हजार शोधायला उस्मानपुऱ्यातलं ऑफिस गाठलं.

"टीडीएस कापला, दादा," मॅडम म्हणाल्या. "वर्षात दहा हजारांच्या वर गेलं की दहा टक्के."

"व्हय."

"वहिनींचं उत्पन्न कमी आहे ना? आधी फॉर्म दिला असता तर कापलाच नसता. आता रिटर्न भरा, परत मिळेल."

"व्हय. पण... बकरी तर तेवढीच हाय ना?"

मॅडमनी स्क्रीन फिरवली. तीन लाख पंच्याऐंशी हजार. "बाजार हलला नाही. वाटलेले पैसे तुमच्याच फंडातून गेले. टॅक्सवाले मात्र ते सगळं उत्पन्नच धरतात."

म्हणजे करडू समजून मी बकरीचाच पाय खाल्ला होता. वर त्या पायावर टॅक्स. परतताना बसमध्ये आठवत राहिलं, नववीत सर ‘समजलं का?’ विचारायचे, तेव्हाही मी ‘व्हय’च म्हणायचो. शाळा सुटली, सवय नाही.

सायली मशीनवर ब्लाऊज शिवत होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," ती दोरा तोडत म्हणाली. "पॅन माझं, मेसेज माझ्याच मोबाइलवर. मला समजलं नाय, म्हणून टॅक्सची कामं करणाऱ्या तनुजाताईला विचारलं. चौकोन परवाच बदलून घेतला. रिटर्न बी तीच भरणार."

"मग पेढे वाटताना का नाय बोललीस?"

"पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होता तुमी. कशाला अडवू?"

मला भरून आलं. तेवढ्या धीरावर विचारलं, "मग या बकरीत माझा वाटा काय?"

"हाय की," ती म्हणाली. "लेंड्या."