भिकूभावजींचा आ

संचारबंदीत आमच्या लालबागच्या चाळीत एकच माणूस घोषणा द्यायचा, तोही हातात नाचणीच्या पेजेची वाटी धरून. ते आमचे शेजारी, भिकूभावजी.

कारण माझा बाबू. तो सात महिन्यांचा असताना तापात माझं दूध आटलं. वरचं दूध त्याला पचेना. डॉक्टर म्हणाले, "आता अन्न पोटात गेलं नाही, तर कठीण आहे." मी नाचणी भिजवून वाटली, फडक्यातून गाळली, पेज केली. खिमट केलं, वरणाचं पाणी केलं. बाबू ओठ घट्ट मिटून बसायचा. त्याच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती. मी रोज चुलीपुढे रडायची आणि रोज पुन्हा पेज ढवळायची. दुसरं काय करणार?

शेजारच्या खोलीत गिरणीतले कोकणी गडी पाळीपाळीनं राहायचे, त्यांतले हे भावजी. बायको गावी. मुलगाही तिकडेच झालेला, त्याला त्यांनी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. पण पोराला कसं भरवावं यावर मत ठाम. "वयनी, आदी आपला तोंड उघडूचा, मगे पोराचा." मग बाबूपुढे उकिडवे बसून आ करायचे. तंबाखूनं काळे झालेले सगळे दात दिसायचे. बाबू टकामका बघायचा, तोंड मिटूनच.

एके दिवशी खालून मोर्चा गेला. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ऐकून बाबूनं दचकून आ केला आणि भावजींनी चमचा आत सारला. पोरानं गिळलं. तेव्हापासून मोर्चाची चाहूल लागली की भावजी वाटी घेऊन धावत. पण मोर्चे काही बाबूची भूक बघून निघत नव्हते. पुढे गोळीबार झाला, संचारबंदी लागली, रस्ते ओस पडले. तेव्हा भावजी स्वतःच ओरडू लागले. खालून शिपाई दरडावायचा, "कोण आहे रे वर?"

"पोर जेवता हा, सायब."

शिमग्याला भावजींना रजा मिळाली. मुलासाठी माझ्याकडून नाचणीच्या सत्त्वाची पुडी मागून घेतली. "झिलाक माज्या हातान भरवतलंय," म्हणाले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

परत आले ते पुडी तशीच घेऊन.

"माका बगून तोंड उघडल्यान," ते हसत म्हणाले, "पण रडूक. घोषणा दिलंय, तर झील आवशीच्या पदरात शिरलो. मगे भायर येवकच नाय."

मला हसता आलं नाही. मी बाबूच्या पेजेची वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

बाबूनं त्यांना पाहिलं. रांगत जाऊन त्यांच्यापुढे बसला आणि घोषणेशिवायच त्यानं आ केला. भावजींनी चमचा भरला. हात मध्येच थांबला.

"वयनी, तुमीच भरवा," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी चमचा घेतला. बाबू त्यांच्या पाठीकडे बघत तसाच आ करून बसला होता.