टर्बो, बायको आणि माझी मदत

त्या शनिवारी चहा पिता पिता मी एक छोटासा निर्णय घेतला. आज बायकोला मदत करायची. नवऱ्याने एवढा साधा विचार केला तर कुणाचं काय बिघडणार आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो.

आधी गाडीबद्दल सांगतो. आमच्या घरी एक किट कार आहे. किट कार म्हणजे खोक्यांमधून सुटी येणारी गाडी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पातळ फायबरचं अंग, दोन खुर्च्या आणि एक पुस्तिका, बाकी तुमचं तुम्ही बघा. इंजिन त्यात येत नाही. ते बायकोने एका आपटलेल्या मोटारसायकलचं काढून बसवलं. हो, बायकोने. ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. दहाव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट आणि तिच्यात अडकलेला साहेब, दोघांनाही ती एकाच शांत आवाजात खाली आणते. सासरे कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर आणि वेल्डिंगवर होते आणि आता आमच्याकडेच राहतात. त्यांनी वेल्डिंग केलेला सांधा डोळे मिटून चाचपला तर सापडत नाही. आणि मी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून आहे. जोडकाम मलाही येतं, पण ते फायलीचं आणि दोऱ्याने.

मोटारसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो, त्यामुळे आमच्या गाडीलाही नाही. गाडी मागे घ्यायची झाली की मी उतरतो, पुढे जाऊन उभा राहतो आणि दोन्ही हातांनी ढकलतो. मोटार क्लबातली मंडळी मला 'रिव्हर्स' म्हणूनच हाक मारतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. गाडीत माझी काहीतरी नेमणूक आहे, हेच पुष्कळ झालं.

तर या क्लबाची वर्षातून एकदा घाटात चढाई असते. एका वेळी एकच गाडी सोडतात, ती वर पोचली की वरचा माणूस भोंगा वाजवतो आणि किती वेळ लागला ते खाली घड्याळात बघतात. एका मिनिटाच्या आत जो पोचेल त्याचं नाव वरच्या वळणावरच्या फळ्यावर रंगवतात. माझ्या बायकोला त्या फळ्यावर नाव हवं होतं. तिने आयुष्यात दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही, पण ह्या चार अक्षरांसाठी ती तीन वर्षं झुरत होती. गेल्या वर्षी तिला एक मिनिट चार सेकंद लागली. वेळ मोजणारे गृहस्थ (यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीवाले म्हणतो) दयाळूपणे म्हणाले, "बाई, मोटारसायकलच्या इंजिनाला ह्याहून जास्त झेपत नाही."

घरी आल्यावर तिने दारात चप्पल काढली आणि म्हणाली, "बाबा, टर्बो."

सासरे म्हणाले, "मी तेच म्हणणार होतो."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

सासऱ्यांना असे प्रश्न आवडतात. ते म्हणाले, "जावईबापू, इंजिनाचा धूर नळीतून बाहेर जातो, तो फुकट जातो. त्याच्या वाटेत एक पंखा ठेवायचा. तो फिरला की त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद."

"म्हणजे आमच्या साहेबांसारखं," मी म्हणालो. "त्यांनी वर वाफ काढली की खाली आमचे हात भराभर चालतात."

"हे तुम्हाला चटकन कळलं," बायको म्हणाली.

टर्बो आला तो एका भंगारातल्या डिझेल गाडीचा. टेबलावर इंजिनाशेजारी ठेवला तेव्हा मी म्हटलंच, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण पुढचे आठ महिने मी जे पाहिलं त्याने माझं तोंड बंद झालं. जास्तीच्या दाबाने इंजिन फुटू नये म्हणून सिलिंडरखाली बसवायची एक पट्टी बायकोने कागदावर आखली आणि सासऱ्यांनी लेथवाल्या मित्राकडे उभं राहून करवून घेतली. केसाइतका फरक पडला म्हणून ती दोनदा परत केली. टर्बोतून निघालेली हवा तापते, ती गार करायला पुढे जाळीचा एक डबा आला. तेलाची नळी आली. रविवारी लोक दुपारी झोपतात, ही दोघं गाडीखाली झोपायची, फरक एवढाच की डोळे उघडे असायचे.

सगळ्यात अवघड काम होतं इंजिनाच्या चार नळ्या एकत्र आणून टर्बोला जोडण्याचं. सासऱ्यांचा हात आता थरथरतो. चहाची बशी वाजते त्यांच्या हातात. त्या दिवशी त्यांनी मनगट एका विटेवर टेकवलं, श्वास धरला आणि एकेक सांधा पुरा केला. मी आणि बायको दाराशी उभे होतो, आमचाही श्वास अडकलेला. काम झाल्यावर मुखवटा वर करून ते म्हणाले, "हे माझं शेवटचं. हात आता ऐकत नाही." बायकोने त्या सांध्यांवरून बोट फिरवलं आणि नाक ओढत हातोडी शोधायला गेली. हातोडी तिच्या समोरच होती.

आता येतो तो शनिवार. रविवारी सकाळी चढाई. शेवटची तपासणी म्हणून बायकोने हवेचे सगळे पाइप काढून ठेवले होते आणि तेवढ्यात तिला कंपनीतून फोन आला, कुठेतरी लिफ्ट अडकली होती. ती दुपारपर्यंत येते म्हणून गेली. सासरे आडवे झाले होते. आणि मी चहा पिता पिता तो निर्णय घेतला.

गॅरेजमध्ये गेलो तर इंजिनाची आणि पाइपांची तोंडं उघडी. मोजली, सात भरली. आमच्या रेकॉर्ड रूमचा पहिला नियम असा की काहीही उघडं ठेवायचं नाही, धूळ जाते. मी माझं एक जुनं बनियन आणलं, कात्रीने तुकडे केले, प्रत्येकावर पेनने नंबर घातला आणि एकेका तोंडात एकेक बोळा घट्ट कोंबला. मग कागदावर यादी केली. बोळा क्रमांक एक, टर्बोचं तोंड. क्रमांक दोन, तेलाची नळी. असं सातपर्यंत. यादी भिंतीवर चिकटवली. कापडाचा एक तुकडा उरला, त्याने चष्मा पुसला आणि तो तिथल्याच ट्रेमध्ये टाकला.

बायको दुपारी आली, तिने बोळे बघितले, यादी बघितली, माझ्याकडे बघितलं.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"बरं सुचलं हो तुम्हाला."

लग्नाला अकरा वर्षं झाली. गॅरेजमध्ये मिळालेली ही माझी पहिली शाबासकी. त्यानंतर तासभर मी जमिनीवर नव्हतोच. ती दोघं पाइप जोडत गेली, मी पुढे पुढे जाऊन बोळे काढत गेलो आणि ट्रेमध्ये टाकत गेलो. शेवटी मोजले. सात. मी यादीवर सही केली, तारीख घातली, बोळे एका पिशवीत भरले आणि यादीसकट खिशात ठेवले, कारण रेकॉर्ड फेकायचं नसतं. इंजिन चालू केलं तर छान गुरगुरलं. गल्लीत गाडी जोरात पळवून बघायची सोय नव्हती. ते उद्या घाटातच.

रविवारी सकाळी घाटाखाली सगळा क्लब जमला होता. प्रत्येकाला दोन फेऱ्या. बायको पहिल्या फेरीला सुटली आणि मला लगेच वाटलं, आवाज काही बरोबर नाही. गाडी जोर करायला जायची आणि उसासा टाकायची. पहिल्या वळणावरून वर जाताना ती दिसली तेव्हा एक सायकलवाला तिच्या पुढे होता. (तो स्पर्धेत नव्हता. तो दूध देऊन परत चालला होता.)

एक मिनिट एकवीस सेकंद.

शिट्टीवाले वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "काम भरपूर केलेलं दिसतंय."

बायको खाली आली, हेल्मेट काढलं. "बाबा, दाबाचा काटा जागचा हलत नाही. हवा इंजिनापर्यंत येतच नाहीये."

सासरे वाकले. स्वतः जोडलेल्या नळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग बाजूच्या दगडावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझाच सांधा गेला असणार. धूर टर्बोच्या आधीच बाहेर निसटतोय. गार असताना दिसत नाही, तापला की उघडतो."

"तुमचा सांधा जाणार नाही, बाबा."

"पोरी, तिसऱ्या नळीला हात हलला होता माझा. मला कळलं होतं. तुला बोललो नाही, वाटलं, निभावेल. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय."

ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "मग दुसरी फेरी नको. फाटलेल्या नळीतून आग येईल. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी वेल्डिंग दुसऱ्या कुणाकडून करून घे," सासरे म्हणाले आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले, जणू ते लोकांना दिसू नयेत.

माझ्याच्याने ते बघवेना. बघवत नसलं की मी चष्मा पुसतो. खिशातली पिशवी काढली, वरचा तुकडा घेतला, पुसायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की ह्या तुकड्यावर नंबर नाही. मी बाकीचे काढले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग सात. चष्मा पुसायचा तुकडा धरून बरोबर सात भरले होते. (आमच्या रेकॉर्ड रूममध्येही आम्ही फायली मोजतो. नंबर कोण बघतो?) मी यादी उघडली. क्रमांक सहा, गार हवेच्या डब्यातून इंजिनाकडे जाणारा पाइप.

खोटं कशाला बोलू, क्षणभर असंही मनात आलं की मूग गिळून बसावं. घरी जाऊन गुपचूप बोळा काढावा, कुणाला कळणार आहे? पण दगडावरचा तो माणूस चाळीस वर्षांचं नाव खाली ठेवून बसला होता, आणि ते माझ्या बनियनमुळे.

"अहो, ऐकलंत का," मी सासऱ्यांना म्हणालो. घाबरलो की माझी संबोधनं चुकतात. "तुमचा सांधा ठणठणीत आहे. पाइपात माझा सहा नंबर आहे."

"कोण आहे?"

"सहा नंबर. बोळा."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी यादी पुढे केली. तिने ती वाचली, खालची माझी सही वाचली, तारीख वाचली आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. पाइपाची पट्टी सैल केली, पाइप ओढला आणि दोन बोटं आत घालून बोळा बाहेर काढला. तो निघतच होता. नेमका तोच तुकडा खांद्याच्या पट्टीचा होता, लांबलचक. एव्हाना सगळा क्लब भोवती जमला होता.

"हा कसला पार्ट?" शिट्टीवाल्यांनी विचारलं.

"हवेचा फिल्टर," बायको म्हणाली. "दुसऱ्या फेरीला लागत नाही."

हे ती ज्या शांतपणे बोलली, तसं मला सात जन्मांत जमणार नाही. सासऱ्यांनी मांडीखालचे हात काढले आणि तोंडावर धरले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या फेरीला तिने गाडी रेषेच्या वीतभर पुढे नेली. मी धावत जाऊन ती मागे ढकलली. ढकलताना आमची नजरानजर झाली. मी म्हणालो, "माफ कर." ती म्हणाली, "बाजूला व्हा, पायावरून जाईल."

झेंडा खाली पडला. पहिल्या दोन सेकंदांत काही वेगळं वाटलं नाही. मग टर्बोने बारीक शीळ घातली आणि गाडी जी निघाली ती मी पहिल्या वळणापर्यंतच बघू शकलो. पुढचं फक्त ऐकू येत होतं. गिअर बदलले की क्षणभर शांतता, मग पुन्हा ती शीळ, आणखी वरून. सासरे डोळे मिटून ऐकत होते, दर गिअरला मान हलवत होते. त्या बाईशी माझं लग्न झालंय हे जवळच्या चार अनोळखी लोकांना मी सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

त्रेपन्न सेकंद. शिट्टीवाल्यांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, मग रंगाचा डबा मागवला. सासऱ्यांनी खाली आलेल्या गाडीच्या तिसऱ्या नळीच्या सांध्याला बोट लावलं, भाजून घेतलं, आणि ते बोट तोंडात धरून लहान मुलासारखे खूश झाले.

स्पर्धा संपल्यावर घाट सभासदांना मोकळा असतो. बायको मला म्हणाली, "बसा. तुम्हीही बघा टर्बो काय चीज आहे ते." मी शेजारच्या खुर्चीत बसलो. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल करावा लागला, गाडी माझ्या बाजूला जराशी कलली, पण बसलो. सासऱ्यांनी हौसेने शिट्टीवाल्यांचं घड्याळ मागून घेतलं. आम्ही सुटलो, शीळ वाजली, माझ्या डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं, आणि थोडं वाऱ्याशिवायही आलं. वर पोचून, फळ्यावरचं ओलं नाव बघून आम्ही खाली आलो.

सासरे घड्याळाकडे बघत उभे होते. त्यांनी ते हलवून पाहिलं.

"किती?" मी विचारलं.

"एक मिनिट चार सेकंद."

म्हणजे गेल्या वर्षी टर्बो नसताना तिला एकटीला लागली होती, बरोबर तेवढीच.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "आम्ही दोघांनी आठ महिने राबून जे मिळवलं, ते तुम्ही नुसतं बसून घालवलंत."

"असं नका बोलू हो बाबा," बायको हेल्मेट काढता काढता म्हणाली. "उतारावर त्यांचा किती उपयोग होतो."